तिसऱ्या वाटीनंतर

हॉर्नबी, ख्राइस्टचर्च
९ एप्रिल २०१७

प्रिय संग्राम,

पुण्याला पोचून तुला तीन आठवडे झाले. प्रवास छान झाला, हा तुझा एका ओळीचा मेसेज मिळाला. छान झाला म्हणे. चार दिवस माझ्या शेजारी बसून तू या देशाला नावं ठेवत होतास. मेंढ्यांना, रिकाम्या रस्त्याला, पेट्रोल पंपावरच्या कॉफीला. एवढ्या मोकळ्या मुलखात मला पहिल्यांदाच कोंदटल्यासारखं झालं. तू देश बघायला आलाच नव्हतास म्हणा. जुईची डिग्री झाली, आता तिला उचलून न्यायचं आणि तू हेरून ठेवलेल्या कारखान्याच्या चेअरमनच्या मुलाशी लग्न लावायचं, एवढ्यासाठीच आला होतास. आधी लहूदादाबरोबर दक्षिणेत फिरून ये, मग बोलू, असं तुझी ही धाकटी बहीण म्हणाली आणि रिकार्टनच्या तिच्या फ्लॅटवरून तू तोंड वाकडं करून माझ्या गाडीत बसलास.

मॅनिओटोटोच्या माळावरचा तो पब आठवतो? चहूकडे वाळलेलं गवत आणि मध्येच पत्र्याच्या छपराचं ते एक घर. दारूचा गुत्ता म्हणून तू उतरायलाच तयार नव्हतास. मग दाराशी गमबुटांची रांग दिसली आणि आत पायात नुसते मोजे घालून बसलेले शेतकरी. काय संस्कार आहेत, म्हणालास. अरे, शेण आत येऊ नये म्हणून काढतात ते, बाकी काही नाही. पण तूही भक्तिभावाने बूट काढलेस आणि मी हसू दाबलं. आत फळ्यावर मटणाचा रस्सा लिहिलेला होता. तू तीन वाट्या ओरपल्यास, कोणाच्या हाताची ही चव म्हणून आचाऱ्याला बाहेर बोलावलंस, तो परभणीचा निघाल्यावर त्याला मिठीसुद्धा मारलीस. तो हौसेने चौथी वाटी घेऊन आला. आणि तू त्याचं आडनाव विचारलंस. जिथे पुढचं गाव तासाभराच्या अंतरावर, तिथेही तुला तेवढंच सुचलं. त्याने सांगितलं, आणि तू वाटी बाजूला सारलीस. डॉक्टरांनी तिखट बंद केलंय म्हणे. तीन वाट्या पोटात गेल्यावर तुला डॉक्टर आठवले.

तुझी कीव आली असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. किळस आली. हॉस्टेलवर चार वर्षं माझ्या आईच्या डब्यातलं खाल्लंस आणि मित्रांना सांगत फिरलास, लहू त्यांच्यातला वाटत नाही. मी ते कौतुक समजून ऐकून घेत होतो. त्याची मला आज तुझ्यापेक्षा जास्त लाज वाटते.

तो आचारी मैत्रेय होता, जुईचा मैत्रेय. आडनाव कळण्याआधी दादाने माणूस बघावा, एवढीच तिची इच्छा होती. परवा, शुक्रवारी, दोघांनी रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार मी आणि त्या पबची म्हातारी मालकीण. तुला कळवू नको असं जुईने बजावलं होतं, पण सकाळपासून फोन उलटा ठेवून दर पाच मिनिटांनी तोच उचलून बघत होती. ते मला बघवलं नाही, म्हणून हे पत्र. सह्या झाल्यावर म्हणाली, बाकी काही नको, पण कानपिळी झालीच पाहिजे. नवरदेवाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. शेवटी मी उठलो आणि पिळला. मान तुझा होता, संग्राम. तो मी घेतला आणि आता तो तुला परत मिळायचा नाही.

अजून तरी तुझाच,
लहू