शिवूची गाडी, फुकटचं चार्जिंग

१२ एप्रिल, रविवार

गाडी आली! पांढरी. गल्लीत वळताना आरसा भवानीमामींच्या खिडकीला घासला, मामी धावत बाहेर आल्या. शिवू उतरला आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली — "अक्का, ही तुझी."

माझी! त्रेचाळीस वर्षांत मला कुणी नवी सायकलसुद्धा दिली नव्हती, आणि आता धाकट्या भावानं गाडी!

अप्पा दारापर्यंत आले. नाकातली ऑक्सिजनची नळी तेवढीच पोचते. तिथूनच मान डोलावली.

शिवूनं चेन्नईहून स्वतः चालवत आणली. वाटेत दोनदा चार्ज केली, दोन्हीदा फुकट. गाडीबरोबरच मिळालंय — वर्षभर त्या कंपनीच्या कुठल्याही फास्ट चार्जरवर पैसे नाहीत. आमच्या जवळचा तिरुच्ची रस्त्यावर, एका हॉटेलच्या आवारात. घरी चार्ज करता येत नाही. वायरिंग जुनं आहे, लावलं की फ्यूज उडतो. करून बघितलं.

मग त्यानं डिकीतून एक जाड वायर काढली. एक टोक गाडीला, दुसरं खिडकीतून आत. करंट गेला तरी अप्पांचं ऑक्सिजनचं मशीन गाडीवर चालेल. "दोन दिवस चालेल अक्का! फक्त सत्तर टक्क्यांच्या खाली कधी येऊ देऊ नकोस."

फेब्रुवारीत हाच शिवू म्हणाला होता, मेपासून अप्पा माझ्याकडे, निदान वर्षभर. माझी बिनपगारी रजा ३१ मेला संपते. १ जूनला कुंभकोणमच्या शाळेत रुजू झाले नाही तर जागा गेली. आज त्यानं तो विषय काढला नाही. मीही नाही.

संध्याकाळी त्याला बस स्टँडवर सोडलं. उतरता उतरता म्हणाला — "आता तुम्हा दोघांनाही कुठे हलायची गरज नाही."

घरी येईपर्यंत ते वाक्य कळलं नाही. मग कळलं.

१५ एप्रिल, बुधवार

पहिल्यांदा चार्जिंगला गेले. भवानीमामी अप्पांजवळ बसल्या. "दीड तास हं विद्या, मग मला स्वैपाक आहे."

चार्जरच्या वायरचं टोक, गन म्हणतात ती, जड आहे. दोन्ही हातांनी लावावी लागते. खट्‌ आवाज होतो, गाडी ती आत धरून ठेवते, पडद्यावर आकडे चढू लागतात. अडतीस मिनिटं. हॉटेलातून पेलाभर कापी घेतली आणि कडुनिंबाखालच्या बाकावर बसले. कुणी हाक मारली नाही. अडतीस मिनिटं कुणीच नाही! नळी सरकली का, पाणी दे, पंखा कमी कर — काही नाही. रस्त्यावरून तिरुच्चीच्या बसेस जात होत्या. एकेकीची पाटी वाचली.

ऐंशी टक्क्यांनंतर फार सावकाश भरतं. तरी शंभरपर्यंत बसायची इच्छा होती. दीड तास आठवला.

२० एप्रिल, सोमवार

शिवूचा फोन. "अक्का, काल पापनाशमला कशाला गेली होतीस?"

त्याच्या फोनवर दिसतं. गाडी कुठे आहे, किती टक्के, दार उघडं की बंद.

सांगितलं, अप्पांचं औषध इथे नव्हतं, तिथल्या दुकानात मिळालं. खरंच होतं ते. पण औषध घेऊन मी कालव्याच्या कडेला दहा मिनिटं गाडी उभी केली होती. ते नाही सांगितलं. सांगायची वेळ यावी, इतकं काय केलं होतं मी!

"काही नाही गं, सहज विचारलं," म्हणाला.

२२ एप्रिल

खरं लिहिते. आज हॉस्पिटलमधून रिपोर्ट घेऊन येताना लांबचा रस्ता धरला. एसी मुद्दाम जोरात ठेवला. एकाहत्तरवर आली. म्हणजे उद्या चार्जिंगला जाता येईल.

२७ एप्रिल, सोमवार

दुपारी वारा सुटला, झाडं पडली, करंट गेला. मशीन किंचाळायला लागलं. वायर खिडकीतून आत घेतली, खटका दाबला — मशीन सुरू! तीन तास चाललं. भवानीमामी आपला फोन घेऊन आल्या, तोही त्यावरच चार्ज केला.

अप्पा खूश. "बघ, शिवूनं किती विचार केलाय."

हो. फार विचार केलाय. मागच्या वर्षी असाच करंट गेला होता तेव्हा घरातला छोटा सिलिंडर तासाभरात संपला आणि अप्पांना उचलून अँब्युलन्समध्ये घालावं लागलं. त्याच्यावरूनच शिवू म्हणाला होता, इथे ठेवणं धोक्याचं, माझ्याकडे आणतो. आता धोका उरला नाही. मग न्यायचं कारणही उरलं नाही.

गाडीला नमस्कार करावा की लाथ मारावी!

४ मे, सोमवार

चार्जरवर आधीच एक गाडी. मालकीणबाई बाकावर, माझ्या जागेवर. मी मामींच्या फोनवर अप्पांशी बोलले, उशीर होईल म्हणून. ठेवल्यावर त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "तुम्ही रायर, म्हणजे इकडचे मराठी ना? माझी आजी असंच बोलायची. मला कळतं, बोलता येत नाही."

नाव अखिला. गुरांची डॉक्टर. ओरत्तनाडूपासून खेड्याखेड्यांत फिरते, आठवड्यात चारदा चार्ज करते. "फुकट आहे तोवर माझ्याएवढं कुणी वसूल करत नसेल," म्हणाली आणि मोठ्यांदा हसली. तिच्या चपलांना चिखल होता. वासही येत होता गोठ्याचा. मला हेवा वाटला! चिखलाचा!

तिनं विचारलं, तुम्ही काय करता? मी म्हटलं, गणित शिकवते. मग म्हटलं, शिकवत होते. मग कधी नव्हे ते सगळंच बोलले.

तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, पापनाशमला कनकलता म्हणून आहे, हॉस्पिटलात आया होती, आता घरी येऊन रुग्ण सांभाळते. अखिलाच्या सासऱ्यांना तिनंच सांभाळलं. नंबर दिला.

९ मे, शनिवार

कनकलता येऊन गेली. पन्नाशीची, शांत बाई. मशीनचा फिल्टर न सांगता काढून बघितला — "धुवायला झालाय." मला आवडली.

अप्पा तिच्याशी एक शब्द बोलले नाहीत. ती गेल्यावर टिफिनचं ताट बाजूला सारलं. "मला परक्या बाईच्या हातचं पाणी नको गे."

"तिकडे चेन्नईला शिवूकडे तरी —"

"चौदाव्या मजल्यावर? तिथून मला खाली आणतील ते एकदाच."

नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला, उगाच.

१२ मे

हेडमिस्ट्रेसचा फोन. "विद्या, येताय ना? टाइमटेबल लावतेय." म्हटलं, कळवते. आठवीचे तीन वर्ग धरलेत माझ्यासाठी.

१९ मे, मंगळवार

आजच लिहून काढते.

साडेतीनला चार्जिंगला गेले. गन लावली. पाचसहा मिनिटं झाली असतील — पश्चिमेकडून काळं आलं, वाऱ्यानं हॉटेलचा बोर्ड आडवा केला. पडदा काळा. चार्जर बंद. सगळीकडचाच करंट गेला.

म्हणजे घरचाही! आणि गाडी इथे!

गन ओढली. निघेना. गाडीनं घट्ट धरून ठेवलेली. किल्लीचं बटण दाबलं, दार उघडलं, बंद केलं, पुन्हा ओढलं. पाय टायरला लावून ओढलं. नाही! हेल्पलाइनवर बाई सांगते, तमिळसाठी एक दाबा. एक दाबला. वाट पाहा. हॉटेलचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, ते कंपनीचं. आमचं फक्त कापी-टिफिन."

मामींना फोन. मामी रडत होत्या. "मशीन बंद पडलंय विद्या! तो छोटा सिलिंडर मला उघडत नाही. ते निळे पडलेत —" आणि फोन कटला. पुन्हा लागेना.

पावसात रस्त्यावर उभी राहिले. एकही ऑटो थांबेना. कुंपणाला बांधलेलं जनावर जसं फिरतं तशी मी त्या गाडीभोवती फिरत होते. तेवढ्यात अखिलाची गाडी आत वळली. मी पुढ्यात जाऊन बोनेटवर हात आपटले. तिनं एक प्रश्न विचारला नाही. "बसा." तिच्या गाडीत बारा टक्के होते. एसी बंद, काचा वर, पडलेल्या फांद्या चुकवत तिनं मला अकरा मिनिटांत गल्लीत आणून सोडलं.

मामी ओसरीवर बसून स्तोत्र म्हणत होत्या. वाटलं, संपलं सगळं!

आत गेले. अप्पा खुर्चीत. सिलिंडर शेजारी, नळी त्याला जोडलेली, काटा हिरव्यात. ओठ निळसर, पण श्वास चालू. डोळे उघडून म्हणाले, "भिजलीस की गे."

"सिलिंडर कुणी उघडला?"

"मी."

मी तिथेच जमिनीवर बसून रडले. अखिलानं त्यांची नाडी बघितली. गुरांची डॉक्टर, पण बघितली.

२० मे, बुधवार

मेकॅनिक आला. डिकीत एक दोरी असते म्हणे, ती ओढली की गन सुटते. कुणी सांगितलंच नव्हतं! गाडी घरी आणली.

आज राग येतोय. दोन वर्षं अप्पा मला सांगत आलेत, "हातात जोर नाही, सिलिंडरची ती चावी मला फिरत नाही." म्हणून मी त्यांना एकटं सोडून कुठे जात नव्हते. चावी फिरते! विड्याचं पान गुंडाळावं तशी फिरते! विचारलं तर म्हणाले, "काल फिरली." आणि पेपर वर धरला.

२१ मे

भवानीमामी आल्या. उंबऱ्यातच थांबल्या. "विद्या, रागवू नकोस. पण यापुढे मी नाही बसायची त्यांच्याजवळ. माझ्यासमोर काही झालं तर मला सोसायचं नाही."

बरोबर आहे त्यांचं. पण मग माझे दीड तासही गेले. गाडी दारात अडुसष्ट टक्क्यांवर उभी आहे. वर्षभर फुकट चार्जिंग, आणि ते आणायला जाता येत नाही.

२३ मे, शनिवार

शिवूला म्हटलं, ये. चार दिवस ये. नाहीतर त्यांना ने, तू कबूल केलं होतंस! तो म्हणाला — "अक्का, जरा अवघड आहे गं." मी तोंडाला येईल ते बोलले. बायकोचा बैल म्हटलं. गाडी फेकून तोंड बंद केलंस म्हटलं. सगळं ऐकून घेतलं त्यानं. एकदाही उलट बोलला नाही. त्याचाच जास्त राग आला.

२६ मे, मंगळवार

राजीनामा लिहिला. चार ओळी. "घरगुती कारणांमुळे." अठरा वर्षांची नोकरी चार ओळींत बसते.

काय करणार? त्या दिवशी फिरली चावी. पुढच्या वेळी नाही फिरली तर? मी वर्गात फळ्यावर वर्तुळ काढत असेन आणि इथे —

अप्पांनी विचारलं, काय लिहितेस? वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "केव्हा टाकणार पोस्टात?"

"कोणीतरी तुमच्याजवळ बसायला मिळालं की."

त्यांनी सांबारभात अर्धा ठेवला.

२८ मे

पाकीट तसंच टेबलावर. अप्पांनी माझा फोन मागितला, का ते सांगितलं नाही. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

२९ मे, शुक्रवार

सकाळी दारात कनकलता. हातात कपड्यांची पिशवी. "तुमच्या अप्पांनीच काल फोन करून बोलावलं."

अप्पांनी तिच्याकडून पाणी मागून घेतलं. प्यायले. मग भिंतीकडे बघत मला म्हणाले — "शिवू मला न्यायला तयार होता गे. माझी खोली रंगवून ठेवलीय त्यानं. मीच म्हटलं, येत नाही. गाडी मी मागितली, तुला कळू देऊ नको असं त्याला म्हटलं. तू शाळेत जायला लागलीस की पुन्हा माझ्याजवळ बसणार नाहीस, वाटलं."

शिवूला फोन लावला. म्हटलं, अप्पांनी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला शिव्या घातल्यास तर चाललं अक्का. त्यांना घातल्या असत्यास तर ते जगले नसते."

राजीनाम्याचे चार तुकडे केले. अप्पांशी आज बोलले नाही. उद्याही बहुतेक नाही. सोमवारी सकाळी सहा-पन्नासची कुंभकोणम बस.