उरणाऱ्या पावाचा नियम

फेझ, २ फेब्रुवारी
...अंगण धुतलं होतं, पुदिना निवडला होता, पीठ मळून चार पाव थापले होते. फळीवर फडकं टाकून गल्लीतल्या भट्टीवर न्यायला निघाले, तेव्हा आमचे यजमान इद्रिस चपलांच्या दुकानात जाता जाता म्हणाले, "माझा विस्तवाजवळ ठेवायला सांग. मऊ पाव बोळक्यांना." साधीच सकाळ. आज का आठवली कोण जाणे. मला मोठ्या गोष्टी लिहायच्या आहेत.

नियम पहिला: नीट चाललेल्या कुठल्याही व्यवस्थेत रोज एक उरतो. आमच्याकडे पाव उरतो. इद्रिस चपला गुंडाळायला विज्ञानाची जुनी मासिकं आणायचे, त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यांत तारे आहेत, मुंग्या आहेत. पावाबद्दल कुणीच लिहिलेलं नाही. म्हणजे शोध माझा.

५ फेब्रुवारी
नियम दुसरा: उरणारा कडकच असतो. भट्टीवाल्या अल्लालला कारण विचारलं. बाईमाणसाला म्हणतात तसं मानाने म्हणाला, "लल्ला, एक विस्तवाजवळ ठेवायचा ना? नेहमीचंच आहे." म्हणजे व्यवस्थेलाही सवय लागते.

९ फेब्रुवारी
नणंद जेवायला. पाच थापले. एक उरला! पाहुणे आले तरी नियम मोडत नाही.

१२ फेब्रुवारी
सून घीता म्हणते, गच्चीवर शिळ्या पावाच्या पिशव्या साचल्यात, उंदीर घरच्यासारखे वावरतात. पाव टाकू कसा? म्हटलं, शास्त्रासाठी थोडं सोसावं. "शास्त्र तुमचं, आणि उंदीर माझे होय?"

१५ फेब्रुवारी
मनगट दुखतंय. घीताने मळलं. काहीच उरलं नाही. नवे हात, व्यवस्था मुरलेली नाही.

१६ फेब्रुवारी
पुन्हा घीता. पुन्हा काही नाही. हवा कोरडी आहे.

१७ फेब्रुवारी
मुलगा बद्र म्हणाला, "आई, आपण तिघं. तू चार थापतेस." त्याला सांगितलं, गणित वेगळं, व्यवस्था वेगळी.

तो गेल्यावर घीता जवळ बसली. "चौथा बाबांचाच ना? थापा की. पण मग उंदरांना का घालायचा?"

मनगट फार दुखत होतं. लिहिलं नाही जास्त.

२१ फेब्रुवारी
काल शुक्रवार. मीच मळलं, चार थापले. चौथा विस्तवाजवळ. गरम असतानाच कबरस्तानात नेला, दारातल्या म्हाताऱ्याला दिला. त्याने दाबून पाहिला आणि तोंड उघडून दाखवलं. एक दात नाही. "लल्ला, हा चावू कशाने?"

इद्रिसशेजारी बसून मीच खाल्ला. कडक होता, छान होता. काही उरलं नाही.

आज सकाळी तीन पाव थापले.