परतीची भाकर आणि नातीची जुनी गाडी

माय, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, म्हणून हे पत्र तुझी पणती लिहून घेत आहे. मी बोलते, ती लिहिते, आणि मधेच "आजी, हळू सांग ना" म्हणून मलाच दटावते.

तिनं जुनी गाडी घेतली आहे, विजेवर चालणारी. नोकरी लागली हिंगणघाटच्या शाळेत आणि सेलूहून बस बदलत जाण्यातच दिवस जातो, म्हणून. विकणारा म्हणाला, "नवी होती तवा एका चार्जिंगमध्ये दोनशे किलोमीटर जायची. आता बॅटरी उतरली, दीडशे समजा. आठ दिवसांत पटली नाई तर वापस आना." जाऊन यायला एकशे दहा लागतात आणि शाळेत चार्जिंगची सोय नाही. गाडीनं साथ दिली नाही तर पोरगी तिकडेच खोली करून राहणार, आणि मी इथे भिंतींशी बोलणार.

बॅटरी उतरली हे ऐकलं आणि तू आठवलीस. तरणी होतीस तोवर भाजीची टोपली घेऊन वर्ध्याच्या बाजाराला पायी जायचीस. पुढे सेलूचा बाजार धरलास. त्याच्याही नंतर गावच्या फाट्यावर बसू लागलीस. 'आता होत नाही' असं तुझ्या तोंडून कधी ऐकलं नाही, विचारलं तर म्हणायचीस, "फाट्यावर गिऱ्हाईक चांगलं येते वं." पण तू वाटेत बसलीस आणि कोणी आणायला गेलं, असं एकदाही झालं नाही. निघतानाच परतीचं बळ बाजूला काढून ठेवायचीस. ती अर्धी भाकर त्यासाठीच. फडक्यात बांधून टोपलीच्या बुडाशी ठेवायचीस आणि परतताना वाटेतल्या चिंचेखाली सोडायचीस, त्याआधी नाही. मी सात-आठ वर्षांची असेन. तू वांगी तोलते आहेस, आणि मी तुझ्या पाठीमागे बसून ती भाकर खाते आहे, ठेच्यासकट. चिंचेखाली तू फडकं सोडलंस तर रिकामं. मी म्हटलं, "माकडानं नेली, माय." तू फडक्याकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. "बरं माकड वं! गाठ सोडली, भाकर खाल्ली, अन् गाठ बांधूनबी ठेवली." बस्स. पाणी प्यालीस, टोपली उचललीस आणि उपाशी चालू लागलीस. पुढच्या बाजाराला टोपलीत दोन फडकी होती. एक माझं.

तर परवा आम्ही गाडीची परीक्षा घ्यायला हिंगणघाटला गेलो. चार्जिंग किती उरलं ते समोर दिसतं. शंभरावर निघालो, पोचलो तेव्हा अठ्ठावन्न. पोरगी खूश. "आजी, आरामात वापस येतो आपन." तिला शाळेत कागद द्यायचे होते. मला रेडिओ लावून दिला, काचा उघडल्या आणि बजावलं, "एसी लावजो नको. थे आपलं परतीचं हाय." अडीच तासांनी आली तर आकडा पंचेचाळीस. तिचा चेहराच उतरला. "उभ्या उभ्या गळून राह्यली हे बॅटरी!" वर्धा मागे पडलं, सेलू दोन कोस राहिलं आणि गाडी गोगलगायीसारखी चालू लागली. एका धाब्यावर तार लावून तासभर खाटेवर बसलो. माझा लेक फोनवर म्हणतो, "म्या सांगतलंच होतं. वापस करून टाक." उद्या गाडी परत जायची आहे. काल पोरगी खोलीसाठी फोन लावत होती आणि मी गहू निवडत होते.

माय, गाडीतल्या बटणांवरची अक्षरं मला येत नाहीत. पण एका बटणावर फ्रिजवर असते तसली चांदणी आहे, ती मी पहिल्याच दिवशी ओळखली. परवा शाळेबाहेर ऊन मी म्हणत होतं. काचा वर केल्या, चांदणी दाबली आणि पोरगी फाटकातून येताना दिसेपर्यंत गारेगार बसले. बॅटरी गळत नाही, माय. माकड होतं.

आता ही लिहायची थांबली आहे. माझ्याकडे पाहून राहिली आहे. "बुढे," म्हणते, "म्हनून म्या आली तवा काचा खालीच होत्या काय?"

"हो," म्हटलं. "गाठ बांधून ठेवली होती."

लिही बाई, हेही लिही. पत्र कुठं पाठवायचं नाही, गाडीच्या खणात राहू दे. उद्या गाडी परत न्यायच्या ऐवजी पुन्हा एकदा हिंगणघाट करून पाहू म्हणते ही. मी मागे बसायचं, बटणांपासून लांब. आणि माय, ती भाकर मीच खाल्ली होती. तुला ठाऊक होतं, पण सांगायचं राहून गेलं होतं.