न दाबलेलं बटण

प्रिय धाकटे,

काळजी करू नकोस, उपचार झाला. एमआरआयच्या बोगद्यात झोपवलं आणि चित्रात बघत बघत ध्वनिलहरींनी माझ्या कंबरेच्या हाडातली कॅन्सरची गाठ जाळली. चिरफाड नाही, टाका नाही. हातात एक बटण दिलं होतं. "आजी, भाजलं तर दाबा, लगेच थांबवू."

भाजलं. मी दाबलं नाही! कॉन्व्हेंटात नन्सनी शिकवलंय ना, शहाण्या मुली कुरकुरत नाहीत. आता कातडीवर रुपयाएवढा फोड आहे. डॉक्टर म्हणतो, "किती सोशिक!" मेल्याला ते कौतुक वाटलं.

तुझ्या छातीत गाठ लागते, असं सहा महिन्यांपूर्वी लिहिलंस. दाखवलीस? नसणारच. आपण दोघी त्याच शाळेतल्या. उद्याच जा, आणि तिथे चांगली कुरकुर कर.

सोशिकपणाला विटलेली,
तुझी ताई