बानाआत्यांच्या ओव्यांसाठी योग्य टेप

२ फेब्रुवारी
निर्णय झाला. बानाआत्यांच्या ओव्या मीच रेकॉर्ड करणार, आणि माझ्या जुन्या स्पूल डेकवरच, म्हणजे मोठ्या चाकांच्या टेपरेकॉर्डरवर. आत्या म्हणजे रत्नमालाची, माझ्या बायकोची, सख्खी आत्या. राहणार फर्दापूरजवळ. जन्मभर मेंढरांमागं चालल्या. त्या चालण्यातल्या ओव्या आता फक्त त्यांनाच येतात. वीस तारखेला घशाचं ऑपरेशन. आवाज राहील याची गॅरंटी डॉक्टर देत नाही.
मेहुणा खंडेराव म्हणाला, "दाजी, मोबाईलवर करू की." असल्या माणसाशी मी वाद घालत नाही. मोबाईल आवाजाचा कसा कचरा करतो, तेवढं फक्त समजावून सांगितलं. मधेच उठून गेला. पटलं असावं.
आता फक्त टेप हवी.

४ फेब्रुवारी
टेप निवडणं सोम्यागोम्याचं काम नाही. जाड टेप लवकर संपते. पातळ जास्त चालते, पण ताणली जाते. जुनी टेप दमट हवेनं चिकट होते म्हणे. मी एम.एससी. फिजिक्स. मला 'म्हणे' चालत नाही.
नवी टेप अजून बनते, असं रत्नमालानं नेटवर शोधून दाखवलं. वेळेत आलीही असती. नाही म्हणालो. नव्या टेपला जुन्या मशीनची भाषा कळत नाही. (वाक्य जमलंय. ग्रुपवर टाकणे.)

५ फेब्रुवारी
स्पूलवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. कुणी नागपूरकर म्हणाला, साफ चूक, आणि जुनी घेतलीत तर आधी चालवून बघा. मी त्याचं शिक्षण विचारलं. संध्याकाळी ॲडमिननं मलाच काढलं. मी तसाही सोडणारच होतो.

८ फेब्रुवारी
औरंगपुऱ्यात जावेदभाईंच्या भंगार-कम-रेडिओ दुकानात गेलो. स्कूटर लावायला जागा नाही, त्यावरून एका रिक्षावाल्याशी वाजलं. चूक त्याची. आत जुन्या पंख्यांखाली सीलबंद डबा सापडला. परदेशी, पातळ, लांबलचक टेप. जावेदभाई म्हणाले, "साहब, खोललं की तुमचं. वापस नाय घेणार." स्वतःच्या मालावर विश्वास नसलेला दुकानदार. घेतली.
रत्नमाला म्हणते, आधी चालवून बघा. अरे, सील फोडायचंच होतं तर सीलबंद कशाला घेतली?

११ फेब्रुवारी
संकल्प: आजपासून कुणावर चिडायचं नाही.
दुपारी खंडेरावचा फोन. संकल्प उद्यापासून.

१४ फेब्रुवारी, सकाळ
आत्या आल्या. सोबत खंडेराव, न बोलावता. डेकमध्ये खरखर नको म्हणून सगळ्यांचे मोबाईल काढून घेतले, डब्यात घातले, डबा शेजाऱ्यांकडे ठेवला. पंखा बंद. कुकर बंद. आमच्या पुंडलिकनगरात एवढी शिस्त कुणी पाहिली नसेल.

१४ फेब्रुवारी, दुपार
आधी मी प्रस्तावना केली. थोडी लांबली. मग आत्यांनी डोळे मिटले आणि सुरू झाल्या. म्हातारीच्या त्या एवढ्याशा छातीत एवढा आवाज असतो कुठं? रत्नमाला पदर तोंडाला लावून बसली.
आणि टेप किंचाळायला लागली. पत्र्यावर खिळा ओढावा तशी. चाकं मंदावली. टेप जिथं घासून जाते त्या हेडवर तपकिरी चिकटा. मी ओढून मोकळी करायला गेलो, तर ती ताणली आणि तुटली. आत्यांचे डोळे मिटलेलेच. शेवटपर्यंत गायल्या. मग खोकल्या, बराच वेळ.
म्हणाल्या, "लाव बरं." तुकडा जोडून लावला. माझी प्रस्तावना आली (आवाज उत्तम), मागोमाग किंचाळी.
"ह्यात तुमीच हाव जावईबापू," आत्या म्हणाल्या. "म्या कुठं हाय?"
परत गाल का, विचारलं. म्हणाल्या, "आता नाय. घसा जळतोय."
मी निदर्शनास आणलं की सकाळी फरशी पुसली गेली होती, दमटपणा त्याचाच. रत्नमालानं माझ्याकडे पाहिलं. पुढचं लिहिण्यात अर्थ नाही.

१६ फेब्रुवारी
रत्नमाला आत्यांना घेऊन खंडेरावबरोबर फर्दापूरला गेली. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणणार होतो. "भाजी फ्रीजमध्ये आहे," एवढंच बोलली.

१७ फेब्रुवारी
हेड स्पिरिटनं साफ केले. नवी टेप मागवली. ती ऑपरेशननंतर येतेय. म्हणून खंडेरावला फोन करून सुचवलं की डॉक्टरांना तारीख पुढं ढकलायला सांग. त्यानं फोन ठेवला. नेटवर्क असेल.

२२ फेब्रुवारी
हॉस्पिटल. ऑपरेशन नीट झालं, आत्या वाचल्या. आवाज मात्र गेला, नुसती फुसफुस. मी समोर उभा राहिलो. चिडायला कुणी सापडेना. आत्यांनी माझा हात हातात घेतला, ओठ हलवले. काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही, आणि परत विचारायचं धाडस झालं नाही.

२५ फेब्रुवारी
संध्याकाळी स्वयंपाकघरातून आत्यांचा आवाज. ऑपरेशनआधी फर्दापूरला मोबाईलवर घेतलेला. मागं वारा, एक मेंढरू ओरडतंय. बोळात उभा राहिलो. दारात गेलो तर रत्नमालानं बंद केलं. विचारलं, चहा हवा का. हवा म्हणालो. दुसरं काहीतरी म्हणायचं होतं.
कप घेऊन बाहेर आलो. मागं दार लागलं, मग गाणं परत सुरू झालं.
आवाज स्वच्छ आहे.