पुदिन्याची मिसरी

९ जानेवारी २०२५

सायलीच्या उशाखाली पुडी सापडली! हिरवीगार, वर पुदिन्याचं पान छापलेलं. मिसरी. पाचवा महिना सरत आला सुनेला — अन् ही मिसरी घासती!

"आत्या, पुदिना हाय त्यात. मळमळ थांबती." बारावी शिकलेली पोर! पुदिना म्हटलं की औषधच वाटतं हिला. भाजलेली तंबाखू हाय बाई ती! डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, बाळाची वाढ कमी हाय. मी लई बोलले. मग तीच रडायला लागली — "सुटंना आत्या."

११ जानेवारी

दिवसभर मायची आठवण. मेंढरं कोंडली की माय चुलीवर तवा ठेवायची. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. वास सुटला की वस्तीवरच्या बाया आपोआप गोळा! बोट दातावर अन् गप्पा सुरू. कुणाचं कुणाशी वाजलेलं असलं तर चिमूट पुढं करायची. समोरचीनं घेतली की मिटलं. नाय घेतली तर बोलणंच बंद. काय हसायच्या त्या बाया! तसं हसणं परत ऐकलं नाय मी.

एकदा मी अन् माझी मैत्रीण बाना, दोघींनी मायच्या डबीतली चोरून घासली. जहर! डोळे फिरले. लग्न होईस्तोवर परत हात लावला नाय. तशी जहर होती म्हणूनच लेकरं लांब राहायची. आता ते जहरच काढून टाकलं पुडीवाल्या मेल्यांनी, अन् पुदिन्याचा वास घातला!

त्याच मिसरीनं मायचं तोंड सडलं. शेवटी घोटभर पाणी जाईना. तेव्हा मी सोडली. तरी त्या तव्याचा वास आला तर आजही वळून बघीन. खोटं कशाला लिहू?

१४ जानेवारी

तीळगूळ घेऊन बानाच्या दुकानात गेले. आम्ही दोघी एका गावच्या, याच गावात दिलेल्या. म्हटलं, "बाना, पुदिना, इलायची, असल्या वासाच्या पुड्या ठेवू नको. शाळेतल्या पोरी नेतात गं."

"साधी कोण घेतं आता? माझं दुकान काय तेल-मिठावर चालतं व्हय?" अन् हसून हातावर चिमूट धरली. "घे शालू. तुझ्या मायचीच सवय."

मी नाय घेतली.

तिचं तोंड एवढंसं झालं. चिमूट झटकली अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. तीळगूळ तिथंच काउंटरवर राहिला.

१९ जानेवारी

आज परत सायलीकडं पुडी! शेजारणीकडून मागवली. दुकानात मिळती तोवर हिची सुटायची नाय.

२५ जानेवारी

महिला सभा. बोलायला उठले. "म्हाताऱ्या बायांची मिसरी बंद करा म्हणत नाय मी. पण वासाची, गोडाची तंबाखू गावात विकायची नाय." मागून कुणीतरी — "पुदिन्यानं काय होतंय गं?" मग मायचं सगळं सांगितलं. तोंडाचा वास, गालाचं भोक, सगळं. कुणी हसलं नाय.

हात वर झाले. बानाचा नाय. ती उठून गेली.

२६ जानेवारी

ग्रामसभेतही ठराव मंजूर!! गावात कुठंच मिळणार नाय!

९ फेब्रुवारी

सायलीनं भांडी आपटली, मला नाय नाय ते बोलली. ऐकून घेतलं. आता लिंबू चोखती. आज फुलंब्रीला तपासणी केली — बाळानं वाढ धरली! येताना माझ्या लेकाला, सोमनाथला फोन लावला. कंपनीत होता, तरी उचलला. पोरगं हरखून गेलं.

बाना रस्त्यात दिसली. मान वळवून गेली. हिच्याबरोबर मेंढरं राखली, एका भाकरीचे दोन तुकडे केले. लई तुटतं आतून.

२ मार्च

पहिलं बाळंतपण माहेरी. सायलीला न्यायला सिल्लोडहून तिची आई आली, आवडाबाई. चहा झाला, ओटी भरली. जीपमध्ये बसल्याबरोबर पोरीला मळमळलं. आवडाबाईंनी लगेच कमरेची पिशवी सोडली — हिरवी पुडी!

"घे माय. आपल्याकडं मिळती."

सायलीनं माझ्याकडं पाहिलं. अन् हात पुढं केला.