पायाळूची पाठ

३ फेब्रुवारी, सोमवार
धापैकी सात.
हे काय लिवनं झालं? पाठ दुखती ती दुखती! पन सुनंनं, स्नेहलनं, वही आनून दिली. ती तुंगार्लीला अनघा मॅडमच्या बंगल्यावर कामाला हाय. तितं मुंबैची मान्सं पाठ-मान नीट करून घ्यायला येत्यात. मॅडमनं निरोप धाडला — आबांना रोज लिहू दे, किती दुखतं, मनात काय आलं. कोनी वाचनार न्हाई.
मनात आलं की चहा गार झाला. झालं!

४ फेब्रुवारी
सात.
सकाळच्याला दोगं जन दारात. उसन भरल्याले, वाकडे. मी पायाळू ना — जल्मताना डोक्याच्या आदी पाय आले. मान्सानं अनशापोटी यायचं, उंबऱ्याशी पालथं पडायचं. मी डावा पाय तीनदा पाठीवर लावायचा. बोलायचं न्हाई, जाताना माघारी बगायचं न्हाई. कुरवंड्यात पन्नास वर्सं हेच चाललंय. दोगं ताठ हून गेले. मी खांबाला धरून उबा! संक्रांतीपासनं माजीच पाठ धरलीया. माजा पाय माज्या पाठीला कसा लावू?

६ फेब्रुवारी, गुरुवार
स्नेहल ऐकंनाच. गेलतो बंगल्यावर. अनघा मॅडमनं भिताडाला टेकवून उबं केलं. खांद्यावर हात ठिवला. हात मातूर चांगला — जड, गरम. म्हनली, "आबा, खांदे कानाला चिकटलेत. श्वास सोडा." सोडला. "अजून सोडा." आता काय जीव सोडू?
"एवढं काय धरून ठेवलंय आबा?"
म्हनलो, "गँगमन हुतो बाई. घाटात तीस वर्सं रूळ उचाललं. त्ये धरलं हुतं."
हासली न्हाई. "रूळ कधीच खाली ठेवलेत तुम्ही. कुणाशी बोलणं सोडलंय का?"
लय राग आला. पाठ दावाया आलोय का घरच्या भानगडी! तडक भाईर आलो. चपला घालाया वाकता यीना. सुनंनं घातल्या. हे बी बगायचं ऱ्हायलं हुतं.

७ फेब्रुवारी
आट. मॅडममुळं वाढलं.

९ फेब्रुवारी, रविवार
येसूआत्याकडं गेलतो. बाची धाकटी भन, ब्याऐंशीची. गमतीनं म्हनलो, "आत्या, पायाळूचीच पाठ धरली. आता मी कुनाचा पाय लावू?"
"आंब्या, सख्याचा लाव."
सख्या म्हंजी सखाराम. माजा जुळा भाऊ. आंबीला ऱ्हातो. अकरा वर्सं झाली, बोलनं न्हाई. आई त्याच्याकडं गेलती, तितंच वारली. मला निरोप दुसऱ्या दिशी! मातीला सुदिक पोचलो न्हाई. त्याच्या दारातच सांगितलं — पुन्ना तोंड दावू नगंस.
म्हनलो, "त्यो कुटं पायाळू?"
"त्योच हाय. तू डोक्यानं आलास, सरळ. मागनं त्यो, पायानं. सुईन म्हनली, पायाळूच्या पायात काळा दोरा बांद. मी बारा वर्साची. दोगं सारकीच, दोगं रडत्यात! हाताला लागला त्याला बांदला. दुसऱ्या दिशी ध्यानात आलं. पायानं आला त्याच्या कानाला तीळ हुता. बोलले असते तर तुज्या आजीनं मला चुलीत घातली असती."
सत्तर वर्सं! आनि आता सांगती, दाताला मिश्री लावता लावता!

१० फेब्रुवारी
किती दुखतं ठावं न्हाई.
इजा चमकाया लागल्या की आई मला कनगीमागं बसवायची. पायाळूवर ईज पडती म्हनून. म्हशी आनाया सख्याला धाडायची. रडत जायचा. मी कनगीमागं गूळ खायचो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सरूबाईला दोगींनी धरून आनली. पार वाकलेली.
म्हनलो, "सरूबाई, मी पायाळू न्हाई. चुकी झालती."
"पाय लावताय का जाऊ?"
"अगं खोटं हाय त्ये!"
"भाऊ, चुकी तुमच्या घरातली. माज्या पाठीला काय त्याचं?"
लावला. उटली! कुनाला न धरता गेली. काय डोस्कं फोडू का आता?

१५ फेब्रुवारी
नऊ. खाटंवरनं उटवंना. स्नेहल म्हनली, "आबा, आंबीला नेऊ?" म्हनलो, मेलो तरी न्हाई.

१६ फेब्रुवारी, रविवार
आंबीला गेलतो.
सख्या वसरीवर. म्हातारा दिसतोय. म्हंजी मी बी तसाच.
म्हनला, "तोंड दावू नगं म्हनलावतास."
"तुजं तोंड बगाया कोन आलंय? माजी पाठ दावाया आलोय."
पालथा पडलो. आत्याचं समदं फरशीला तोंड लावून सांगितलं. त्यो नुसता उबा. पाय लावीना.
म्हनलो, "सख्या, इजांत म्हशीला मी जायला पायजे हुतं रं."
मग म्हनला, "आंब्या, आई तुजंच नाव घेत हुती. मीच निरोप मुद्दाम उशिरा धाडला. म्हनलं, शेवटाला तरी आई माज्या एकट्याची असू दे."
राग यायला पायजे हुता. वाट बगत पडलो — येईना. खांदं आपसूक खाली गेलं, मोठा दम सुटला. पाय तर अजून लागलाच नव्हता!
मॅडमला सांगनार न्हाई.

१७ फेब्रुवारी
सकाळी दारात एक जन, पाठ धरल्याला. म्हनलो, दम धर जरा.
पायाळू आत चहा पितोय.